बाबांची दोरी आणि साठ मीटर

आधीच सांगते, आमच्या घरात कुणी दृष्टसुद्धा काढत नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दोनेक वर्षं वाचतेय, तेही बहुतेक वेळा हसत… "घरातलं वायरिंग तपासून घ्या" अशा कमेंट टाकणारी ती मीच. तेव्हा आज तुम्ही मला हसलात तरी माझी हरकत नाही.

मी भोपाळला राहते आणि ड्रोन उडवते. रीतसर परवाना आहे. सोसायट्यांचे वरून फोटो, सोलर पॅनेलसाठी छतांचा सर्व्हे, अशी कामं. माझे बाबा मंडीदीपच्या एका कारखान्यात तीस वर्षं क्रेन चालवत होते. रिटायर झाल्यावर ते माझ्याबरोबर यायला लागले. मी स्क्रीनकडे बघायचे, ते आकाशाकडे. "उंटावरून शेळ्या हाकायचा धंदा आहे तुझा, मनू," असं चिडवायचे, पण एक काम चुकवायचे नाहीत.

आता थोडं तांत्रिक, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. विमानतळ किती लांब आहे त्यावर शहरात ड्रोनची उंची ठरते. जवाहर चौकाच्या भागात परवानगीशिवाय साठ मीटर, तेही जमिनीपासून. पण ड्रोन उंची मोजतो तो जिथून उडाला तिथून. गच्चीवरून उडवला आणि मशीनमध्ये कमाल उंची साठच टाकली, की इमारतीची उंची त्यावर आणखी चढते आणि नियम मोडतो. हे उड्डाणाच्या लॉगमध्ये राहतं. परवाना जाऊ शकतो.

बाबांनी त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. दर मीटरला गाठ मारलेली सुती दोरी आणि टोकाला ओळंबा. गच्चीच्या कठड्याला तळाशी पाणी जायला भोक असतं ना, त्यातून ते दोरी खाली सोडायचे. वरून सोडली तर कठड्याची उंची उगाच मोजली जाते, म्हणून. मग गाठी मोजून, साठातून वजा करून आकडा सांगायचे. तो मी मोठ्याने परत म्हणायचा, आणि त्यांनी "हां" म्हटल्यावरच उडवायचं. क्रेनवरची सवय. "ड्रोनचा शून्य गच्चीवर, सरकारचा शून्य जमिनीवर," हे मी शंभरदा ऐकलंय.

गेल्या दिवाळीच्या सुमारास एका क्लायंटसमोर त्यांची दोरी कुठेतरी अडकली. गुडघे दुखत होते, खाली वाकून ते ती सोडवत बसले. क्लायंट हसला. मला लाज वाटली. मी म्हटलं, "बाबा, पुरे आता. मला जमतं सगळं. पुढच्या वेळेपासून तुम्ही येऊ नका." त्यांनी दोरी नीट गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवली. दीड महिन्याने हार्ट अटॅकने गेले. मधल्या काळात मी माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू, असं चाललं होतं.

जानेवारीतली गोष्ट. जवाहर चौकाच्या मागे एक चार मजली इमारत, सकाळचे साडेदहा, स्वच्छ ऊन, वारा नाही. सोसायटीचे सेक्रेटरी गुप्ताजी चहा घेऊन गच्चीवर उभे. त्यांना सगळे ब्लॉक एका फ्रेममध्ये हवे होते. मी घाईत साठ टाकलं आणि उडवला. दोरी बॅगेतच होती. आठवणसुद्धा झाली नाही.

ड्रोन ४७.६ वर थांबला.

मी स्टिक वर दाबली. ढिम्म. मर्यादा आली की स्क्रीनवर तसा मेसेज येतो, तोही नाही. आडवा नेला तर जात होता. खाली घेतला, पुन्हा चढवला… परत ४७.६. तिसऱ्यांदाही तेच.

"मैडम, थोड़ा और ऊपर लीजिए ना," गुप्ताजी म्हणाले.

"नहीं जा रहा, भाईसाहब."

"मशीन पुरानी है क्या?"

चरफडत उतरवला. सामान भरताना हात दोरीला लागला आणि तेव्हा लक्षात आलं. वजाबाकी मी केलीच नव्हती! गुडघ्यांवर बसून भोकातून ओळंबा सोडला. बारा गाठी, आणि वर थोडी दोरी. ती टेपने मोजली. चाळीस सेंटिमीटर.

साठ वजा बारा पूर्णांक चार. तुम्हीच करा.

मी तिथेच, कठड्याला टेकून रडले. गुप्ताजी बिचारे पाणी आणायला धावले, त्यांना वाटलं मशीन बिघडली म्हणून रडतेय.

लॉग तपासून घेतला. मर्यादा साठच नोंदलेली, एकही एरर नाही. सर्व्हिसवाला म्हणाला, उंचीचा सेन्सर कधीकधी गंडतो. गंडत असेल. पण त्या इमारतीची उंची मशीनमध्ये कुठेच नव्हती. मलाही माहीत नव्हती. तीनदा तोच आकडा कुठून आला?

माझा नवरा अनिकेत पक्का इंदूरचा, त्याच्याकडे सगळ्यावर इलाज असतो. "अगं, सिंपल आहे. त्याच गच्चीवर जा, परत साठ टाक, बघ थांबतो का. दो मिनट में पता चल जाएगा."

मी त्याला नियम ऐकवला. मुद्दाम चुकीची मर्यादा टाकून उडवणं म्हणजे परवान्याशी खेळ. ते खरंच आहे. पण खरं कारण त्याला सांगितलेलं नाही, इथे सांगते… या वेळी तो थांबला नाही, तर?

आता प्रत्येक गच्चीवर मी आधी दोरी सोडते. आकडा मोठ्याने म्हणते. "हां" म्हणायला कुणी नसतं, हे मला कळतं. पण तेवढा वेळ थांबते, आणि मगच उडवते.