कोंबडा झाकायचा राहिला

आमच्या अंगणात आठ कोंबड्या होत्या आणि एक कोंबडा. त्याच्या मानेवर पिकल्या धानाचा पिवळा रंग, पाठीवर विटेचा तांबडा, आणि शेपटीत असा काळा-हिरवा की ऊन पडले म्हणजे त्यात जांभळी झाक हलायची. सकाळचा चहा मी ओसरीवर त्याच्याकडे पाहतच घेत असे. माझ्या अंगावर तो कधी आला नाही. यायचा तो धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईच्या अंगावर.

ती फाटकातून आत आली की त्याची मान फुलायची, एक पंख जमिनीला घासायचा, आणि तो तिच्या पिंडऱ्यांवर झेपावायचा. दाराजवळचे सूप उचलून ती ढालीसारखे पुढे धरी आणि मागे सरत सरत मोरी गाठी.

"सासऱ्यावाणी पाहते मेला," ती म्हणायची. माझे पती हसायचे, मीही हसायचे. सुपावर आदळणाऱ्या पंखांचा तो कोरडा, फडफडता आवाज मला आवडायचा.

तिचे मागणे एवढेच होते, "बाई, मी येतो तेवढा वेळ त्याले डालग्याखाली झाकून ठेवत जा ना."

मी हो म्हणायचे आणि झाकायचे नाही. बांबूच्या डालग्याखाली तो गेला की माझे अंगण विटके दिसायचे. कारण एवढेच होते, दुसरे काही नाही.

आषाढात रोवणा सुरू झाला. धानाची रोपे लावायला बायांचे जथे शेताच्या एका बांधीतून दुसऱ्या बांधीत फिरतात. जथ्यातल्या बाईने दिवस चुकवला की तिच्या जागी दुसरी उभी राहते. आमच्याकडच्या बाईची वर्षाची खरी मिळकत याच दिवसांची. म्हणून ती उजाडताच आमचे काम उरकून शेतावर जायची. एका सकाळी तिला दाराजवळ सूप सापडले नाही. तांदूळ पाखडायला ते मीच घेऊन ओसरीवर बसले होते. कोंबड्याच्या पायामागचा काटा तिच्या घोट्याच्या वर खोल रुतला. तिने पदराने रक्त पुसले, भांडी घासली, आणि तशीच चिखलात रोवायला गेली.

चौथ्या दिवशी ती आली नाही. मी मलम घेऊन तिच्या घरी गेले. पाय गुडघ्यापर्यंत सुजून चकाकत होता. खोलीत पिकल्या जखमेचा गोडसर वास कोंडला होता. मागच्या बांधीतून रोवणाऱ्या बायांचे बोलणे, हसणे ऐकू येत होते.

"दवाखान्यात चल, मी गाडी बोलावते."

"काल नेलं नवऱ्यानं. सुई देल्ली."

"आणि रोवण्यातली तुझी जागा?"

"भरली. माही जाऊ गेली."

"तो कोंबडा आजच कापायला लावते मी."

"त्याले कायले कापता? त्याले का समजते?" बाहेरच्या आवाजांकडे कान देत ती म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. "तुमी तं पाहून राहिल्या होत्या ना, बाई."

क्षमेचा शब्द ओठांवर आला. तो मलाच पुस्तकातला वाटला, म्हणून गिळला. मलमाची नळी उघडून मी तिच्या पायाशी बसले आणि हात पुढे केला.

तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

"राहू द्या," ती म्हणाली. "वास येते."