तण पेरणारी भिंगरी

"अगं, पण तिकडं तण येतं का नाही?"

"येतं की बाबा! त्याला काय पासपोर्ट लागतो?"

फोन खांद्यात दाबून भिंगरी काचघरात उभी होती. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून बापानं हे नाव ठेवलं. पुढं ती बियाण्यांची शास्त्रज्ञ झाली, विमानात बसून परमुलखात आली, तरी नाव काही उतरलं नाही. येत्या शुक्रवारी तिला इथं नोकरीला तीन महिने भरणार होते. त्या दिवशी प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई कायम केल्याची चिठ्ठी देणार, नाहीतर बॅग भरायची. बापानं मात्र पोरगी कायम झाली म्हणून आधीच सगळ्या भावकीत सांगून टाकलं होतं.

"आधीच कशाला सांगितलंत?"

"मग काय, तू परत येणारेस का?"

बाप नव्या बैलाच्या खोड्या सांगत बसला. भिंगरीचे दोन्ही हात मोकळे होते, आणि शेतात वाढलेल्या बाईचा मोकळा हात म्हणजे काही खरं नाही. समोरच्या बाकावर चाळीस कुंड्या, त्यांत नुसतं तण माजलेलं. कुणी ढुंकून बघत नाही वाटतं, असं म्हणत तिनं एक उपटलं. मग दुसरं. बैलानं तिकडं दावं तोडलं तोवर इकडं चाळीस कुंड्या लख्ख! मुळं न तुटता वर आलेली, माती झटकून कागदावर ओळीनं मांडलेली. मूळ आत राहिलं की आईची टपली बसायची; ते हाताला अजून आठवत होतं.

तेवढ्यात दार उघडून लंबूटांग आला. तिचाच सोबती, ताडमाड उंच, बोलायला कंजूष. कुंड्या बघून तो जागीच थिजला.

"हे माझं संशोधन होतं," तो म्हणाला.

भिंगरीनं वाकून पलीकडून पाहिलं. प्रत्येक कुंडीला पाटी: हात लावू नये. तिला दरदरून घाम फुटला आणि त्याच क्षणी, नको तेव्हा, हसू फुटलं.

"काय झालं गं?" फोनमधून बाप.

"बाबा, यानं तण लावलं होतं, मी उपटलं!"

"लावलं होतं? मुद्दाम? घरी कुणी रागावत नाही का त्याला?" आणि बाप असा खदखदून हसला की लंबूटांगालाही ऐकू गेलं.

"काय म्हणतायत?"

खोटं तिला सुचेना. "विचारतायत, तण लावलं म्हणून तुम्हाला घरी कुणी रागावत नाही का?"

"आई रोज रागावते," तो म्हणाला, आणि त्याच्याही ओठाचा कोपरा हलला. मग तो कागदापाशी उकिडवा बसला. एक रोप उजेडात धरलं. केसासारखी मुळं, टोकापर्यंत शाबूत. "मी खुरप्यानं काढतो तेव्हा निम्मी तुटतात. मुळंच तर मोजायची असतात." मग उसासा सोडला. "पण उपटायचं चार दिवसांनी होतं. ही फेरी वाया गेली."

भिंगरी स्वतःच मोठ्या बाईंकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "तुझं काय म्हणणं?" त्यांनी मागून आलेल्या लंबूटांगाला विचारलं.

"हिला कायम करा. पण माझं तण हिनंच पुन्हा पेरायचं, आणि हिनंच उपटायचं."

"शुक्रवारी चिठ्ठी घेऊन जा," बाई म्हणाल्या. "आणि पाट्या वाचत जा."

भिंगरी पायऱ्या दोन-दोन करत खाली आली. बापाला फोन लावला.

"बाबा, कायम झाले!"

"मी सांगितलंच होतं सगळ्यांना! आणि आता काम काय?"

"तण पेरायचं."

चाळीस वर्षं तणाशी भांडलेला माणूस तो. घसा खाकरून म्हणाला, "बरं. पण पेरायचंच तर ओळीत पेर. आणि खोल नको पुरू, वर येणार नाही."

"हो बाबा."

फोन खिशात टाकून तिनं बाह्या वर सारल्या, पहिली कुंडी पुढं ओढली आणि, यावेळी पाटी वाचून, मातीत बोटानं रेघ ओढली.