क्लिपवरचा लाल ठिपका

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालाही नाही. देवाला काय सांगायचं, त्याने तर पाहिलंच असेल. तुम्हाला सांगतो. फक्त मध्ये बोलू नका, नाहीतर राहून जाईल.

भोईवाड्यात माझं मोटरसायकलचं गॅरेज आहे, आणि पेट्रोलच्या पाइपवर कुठली क्लिप बसते हे परळ-लालबागमध्ये माझ्याइतकं कोणाला कळत नाही. फुशारकी म्हणा हवं तर — पण खरी आहे. दातेरी पट्टीची क्लिप बारीक पाइपला लावली की ती रबर कापते. मोठी घेतली तर आवळताना अंड्यासारखी लांबट होते आणि एका बाजूने पाझरते. गुळगुळीत पट्टीची, नटबोल्टची हवी, तीही मापाची. झोपेतून उठवून विचारा, सांगेन. मग त्या दिवशी... थांबा, आधी विष्णू.

विष्णू माझा भागीदार. दोघं एकाच गावचे, एकाच चाळीत वाढलेले. गॅरेजात आम्ही एक पद्धत पाडली होती: शेवटचा पेच ज्याने आवळला, त्याने त्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. माझा पिवळा, त्याचा लाल. बाटल्या बायकांच्या, ढापलेल्या. गिऱ्हाइकं हसायची. पण गाडी परत आली तर हात कोणाचा, यावर आमच्यात कधी वाद झाला नाही.

त्या दिवशी सावंत सर, आमचं जुनं गिऱ्हाईक, शाळेत शिकवायचे, समोर स्टुलावर पेपरात डोकं घालून बसले होते. त्यांची गाडी आम्ही दोघांनी मिळून खोलली होती; पेट्रोलचा पाइप मी बसवत होतो आणि मापाची क्लिप संपलेली. सर, उद्या या — एवढं म्हणायला काय जात होतं माझं? पण आपल्याकडे नाही असा माल नाही, हे मी त्यांना नुकतंच ऐकवलं होतं. मोठी दातेरी क्लिप घेतली, पिळपिळ पिळली आणि वर ऐटीत पिवळा ठिपका दिला.

तिसऱ्या दिवशी लालबागच्या सिग्नलला पेट्रोल तापलेल्या इंजिनवर ठिबकलं आणि पेटलं. दुकानदारांनी वाळू टाकून विझवलं. सरांची पोटरी भाजली. गाडी टेम्पोतून आमच्याकडे आली तेव्हा विष्णू जेवायला गेला होता. इंजिन काळं पडलेलं, पण वर टाकीखालची क्लिप शाबूत. आणि तिच्यावर माझा ठिपका.

थिनरचं फडकं घेतलं. पुसला. विष्णूची बाटली उघडली... आणि त्याच जागी लाल ठिपका दिला, नीट, गोल. माझा हात कामात कधी चुकत नाही.

विष्णू आला. वाकून क्लिप बघितली, ठिपका बघितला. ती क्लिप लावल्याचं त्याला आठवेना — आठवणार कसं? शेवटी एवढंच म्हणाला, "ठिपको खोटा बोलणा नाय."

संध्याकाळी त्याने सरांच्या घरी जाऊन त्यांचे पाय धरले. मी शेजारी उभा होतो. वर सरांना म्हणालो, सांभाळून घ्या त्याला! भागीदाराला पदरात घेतलं म्हणून भोईवाड्यात माझंच नाव झालं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. महिन्याभरात विष्णूने पाने खाली ठेवले ते कायमचे. आता माझगावला एका गोदामात असतो.

मागच्या आठवड्यात स्वतःची जुनी स्कूटर ढकलत आला. पेट्रोलचा पाइप गळत होता. मी सहज पाना त्याच्यापुढे धरला, तर त्याने हात मागे घेतला.

"तूच लाव रे. माका माज्या हाताचो भरवसो नाय."

लावली. गुळगुळीत पट्टीची, मापाची, हवी तेवढीच आवळलेली. असं काम मुंबईत दुसऱ्या कोणी करून दाखवावं. वर पिवळा ठिपका दिला. तो सुकेपर्यंत विष्णू थांबला, मग त्याच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, आता काळजी नाही. त्याची लाल बाटली माझ्या मागच्या खणात होती. मी खण उघडला नाही.