केतकीचं ॲप सकाळी चालू होतं तेव्हा

किस्से कोणी मुद्दाम जमवायला बसत नाही. तुमचं दार जिन्यासमोर असलं आणि ते तुम्ही उघडं ठेवत असलात, की ते आपसूक घरात येऊन बसतात. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत माझं दार सगळ्यात जास्त उघडं असतं. लोक याला भोचकपणा म्हणतात. मी म्हणते, हवा खेळती राहते!

समोरच्या केतकीने नोकरी सोडून सोसायटीसाठी ॲप बनवायला घेतलं, तेव्हापासून तर ही हवा जरा जास्तच खेळायला लागली. पाहुणे, नोटिसा, तक्रारी, सगळं ॲपवर. आमचे सेक्रेटरी सावंत तिला म्हणाले, "महिनाभर चालवून बघूया. मग मीटिंगमध्ये हात वर करून ठरवूया."

आमच्याकडे पास झालं, तर बाजूच्या दोन सोसायट्या तिला काम देणार होत्या. नाही झालं, तर पुन्हा नोकरी शोधायची. पोरगी धड जेवत नव्हती.

*

एकदा मी तिला विचारलं, "त्या ॲपला आमची नावं कळतात कशी गं?"

"काकू, नवीन ॲप म्हणजे रिकामं घर. कोणाचं नावच माहीत नाही, तर दार कोणाला उघडणार? म्हणून मी त्याला सांगून ठेवलंय, चालू झालास की आधी फ्लॅट नंबर, माणसांची नावं, कोणाकडे कुठलं काम, सगळं आपलं आपण भरून घ्यायचं."

"म्हणजे नव्या घरात आधी मीठ नेऊन ठेवतात, तसं?"

"अगदी तसं!"

परीक्षेत पहिली आल्यासारखं वाटलं मला.

आता, खरी नावं हातात नव्हती, म्हणून हिने चाचणीपुरती मनाची नावं टाकली होती. ती काढायची राहिली. पहिल्याच सकाळी तिसऱ्या मजल्यावरचे मेहताभाई गेटवर पार्सल घ्यायला गेले. वॉचमन तिवारीने ॲपमध्ये बघितलं आणि अदबीने विचारलं, "आप बोंबील साहब हैं ना?"

अख्खी बिल्डिंग मासळीबाजार! मी कोळंबी, सावंत हलवा. मेहताभाई धापा टाकत वर आले. "केतकी, मी कांदा पण नाय खात, आणि तू मला बोंबील केला?"

केतकीचा चेहरा रडवेला. "सॉरी काका! श्रावण चालू आहे ना, दुसरं काही डोक्यात येतच नव्हतं!"

*

मग तिने लिफ्टशेजारच्या बोर्डवरून खरी नावं, मोबाईल नंबर आणि कोणाकडे कुठलं काम, सगळं उतरवून घेतलं. झकास चाललं. एक दिवस.

ॲप ज्या कॉम्प्युटरवर चालायचं तो सोसायटीच्या ऑफिसात. आणि सावंतांचा नियम असा, की संध्याकाळी ऑफिसला कुलूप लावताना मेन स्विच बंद. सकाळी तिवारी स्विच चालू करायचा, ॲप जागं व्हायचं आणि इमानदारीत सगळ्यांची नावं पुन्हा भरून घ्यायचं. आधीची होतीच, त्यात ही नवीन! तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे तीन-तीन झालो होतो.

"काकू, कंपनीत असले कॉम्प्युटर कधी बंदच करत नाहीत!" केतकी म्हणाली.

"कंपनीत सावंत नसतात गं."

नेमकी त्याच दिवशी टाकी धुवायची नोटीस निघाली. प्रत्येकाला तीनदा आली. लोकांनी आपल्या मनाने अर्थ लावला, तीन दिवस पाणी नाही! बादल्या, पिंपं, कुकर, माझ्याकडे तर फुलदाणीसुद्धा भरली. टाकी धुणारे वर गेले आणि खूश होऊन खाली आले. "टाकी तर रिकामीच आहे की हो!"

*

केतकीने यावर उपाय काढला. चालू होताना ॲपने आधीची नावं पुसायची, मग पहिल्यापासून भरायची. डबल व्हायचा प्रश्नच नाही.

त्यानंतर सावंतांच्या लक्षात आलं. तक्रारी कोणाकडे जाणार, तर ॲपमध्ये नाव देसाईंचं! देसाई वर्षानुवर्षं तक्रारी बघायचे, पण मागच्या वर्षी ते गेले. बोर्डवरचं नाव तेवढं कोणी पुसलं नव्हतं.

"अगो, ह्या काय? देसाई खंय असत आता?" सावंत म्हणाले.

केतकीने जीभ चावली आणि तिथल्या तिथे मोबाईलवरून सावंतांचं नाव टाकलं. विषय संपला.

*

एवढं मात्र खरं, की ॲप आल्यापासून कामं व्हायला लागली. माझ्या बाथरूममधल्या गळतीची तक्रार मी सकाळी टाकली आणि दुपारी प्लंबर दारात! इतक्या वर्षांत हा माणूस वेळेवर आलेला मी पहिल्यांदा पाहिला. वर चपला बाहेर काढून आला.

"आज काय रे, शहाण्यासारखा?"

"सोसायटीतून फोन आला होता ना, बाई. चपला बाहेर काढ, आणि काम झाल्यावर फरशी पुसून दे, असं सांगितलंय."

मी म्हटलं, सावंत सुधारले!

*

मग मीटिंग आली. गच्चीवर खुर्च्या मांडल्या. केतकी मांडीवर लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात. सावंत उठले आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "महिनाभरात माझ्याकडे एकपण तक्रार नाय आली. ह्याला म्हणतात कारभार!"

"एक पण नाय?" मेहताभाई उठले. "मी स्वतः चार टाकल्या! चारी झाल्या."

"माझी गळती?" मी.

कोणी जिन्यातला दिवा म्हणालं, कोणी कबुतरांची जाळी. सगळी कामं झाली होती. सावंतांनी खाली बसून हळूच विचारलं, "मग केली कोणी?"

केतकीने लॅपटॉप उघडला. बघता बघता तिचा चेहरा उतरला. "माझी चूक आहे," ती म्हणाली. "मी बदललेलं नाव रोज सकाळी पुसलं जातंय. ॲप पुन्हा पहिलंच नाव भरतंय. सगळ्या तक्रारी देसाई काकांच्या मोबाईलवर गेल्या."

मेहताभाईंनी विचारलं, "म्हणजे, ॲप चाललं की नाय चाललं?"

मागच्या रांगेत देसाईवहिनी बसल्या होत्या. वर्षभरात पहिल्यांदाच मीटिंगला आल्या होत्या. त्यांनी पर्स उघडली, देसाईंचा जुना मोबाईल काढला आणि मांडीवर ठेवला.

"चाललं," त्या म्हणाल्या. "हात वर करा सगळ्यांनी."

हात वर झाले. सावंतांचा सगळ्यात आधी. केतकी रडत रडतच वहिनींजवळ गेली. "काकू, सॉरी. आत्ताच्या आत्ता काढते त्यांचं नाव."

"थांब जरा," वहिनी म्हणाल्या. "लिफ्टच्या पंख्याचा माणूस उद्या यायचाय. तो यांच्याच नंबरवर फोन करणार आहे."