शिवेबाहेरची साक्ष

चोऱ्या, मारामाऱ्या, खून पुष्कळ पाहिले. पण चिखलीच्या त्या माजी सैनिकाचं प्रकरण आठवलं की मला आजही एकट्याला हसू येतं. खरी नावं देत नाही. त्याला महादू म्हणू.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी चिंचवडला फौजदार होतो. पुण्याहून चौकशीचा कागद आला : चिखलीचा महादू मयत असून कोणी तोतया त्याची लष्करी पेन्शन उचलतो आहे. खबर दिली होती नव्या पोस्टमनने. महादूच्या नावाची मनिऑर्डर घेऊन तो चावडीवर गेला, तर गावाने सांगितलं की माणूस कधीच वारला. इतकी वर्षं मात्र कोणीतरी पुण्याच्या सरकारी खजिन्यात स्वतः जाऊन अंगठा देत होता. पेन्शन तडकाफडकी थांबली.

हवालदाराला घेऊन मी सायकलने चिखली गाठली. पाटलांना विचारलं.

"महादू? मेला की त्यो, साहेब! दहावा-तेरावा आमीच केला. गावजेवनबी घातलं."

पाटील डोळ्याला डोळा भिडवून बोलत होते. खोटं बोलणारा माणूस जरुरीपेक्षा जास्त सांगतो, हा माझा अनुभव. इथे तसं काही नव्हतं. एवढ्यात चावडीच्या ओट्यावर बसलेल्या एका माणसाकडे लक्ष गेलं. एक पाय लाकडी, तोही चिरफाळलेला, सुतळीने आवळलेला. कागदात महादूचा उजवा पाय लढाईत गेल्याची नोंद होतीच.

"नाव काय तुझं?"

"गेनू."

"पेन्शन कोण उचलतं?"

"मीच."

"महादूच्या नावाची?"

तो पायाची सुतळी आवळू लागला. दरडावलं, तुरुंगाची भीती घातली. हवालदाराने आवाज चढवून पाहिला. गडी ढिम्म! त्याची बायको चावडीच्या दाराशी उभी राहून पदराने डोळे पुसत होती. "पेन्शन गेली तर गेली, साहेब," ती म्हणाली, "पर नवा पाय मंजूर झालाय त्यो तरी मिळू द्या. ह्यो मोडला की मानूस जाग्यावर बसंल." तेव्हा कळलं, पाय चिरला म्हणून त्याला पुण्याला जाता येईना, आणि म्हणूनच त्याने पहिल्यांदा पैसे पोस्टाने मागवले होते.

शेवटी गेनू हळूच म्हणाला, "साहेब, शिवेबाहेर चला. समदं सांगतो."

मला वाटलं, हा पळायला बघतो. पण त्या पायाने पळणार कुठे? हवालदाराने त्याला सायकलच्या कॅरियरवर बसवलं. मागून पाटील निघाले, त्यांच्यामागे त्याची बायको आणि अर्धा गाव. ओढा ओलांडून शिवेचा दगड मागे टाकला मात्र, पाटलांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"साहेब, ह्योच आमचा महादू!"

मी कपाळाला हात लावला. "अहो, मघाशी मेला होता ना?"

"गावात मेलाय. हितं जित्ता हाय."

मग सगळे एकदम बोलू लागले. लढाईत तो मेल्याचं कळल्यावर गावाने त्याचे दिवस घातले होते. लढाई संपली आणि स्वारी कुबड्या घेऊन दारात उभी! ज्याचं क्रियाकर्म झालं तो परत जन्मल्याशिवाय घरात कसा घ्यायचा? गुरवाने तोड काढली. मिशीवाल्या गड्याला पाळण्यात घालून बारसं केलं, गेनू नाव ठेवलं. पाळणा मोडला तो मोडलाच. पुढे त्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावलं. अट एकच : शिवेच्या आत जुनं नाव तोंडातून काढायचं नाही. गेनू गावात गेनू राहिला आणि पुण्याला पेन्शन घेताना महादू झाला. पोस्टमनने विचारलं गावात, आणि मीही तेच केलं.

मी बायकोकडे वळलो. "बाई, हा कोण, तुम्हीच सांगा."

नवऱ्याचं नाव असं तोंडावर घेणं तिला कुठलं जमायला! उखाण्यात मात्र चालतं. ती लाजली, बायांनी ढोसलं, आणि माझ्या हवालदाराने जबानीत लिहून घेतला तो हा उखाणा :

"इंद्रायणीच्या काठावर डोलतोय हरभरा,
महादूरावांचं नाव घेते, साहेब, माझं खरं धरा!"

इतक्या वर्षांनी ते नाव तिच्या तोंडून ऐकलं आणि तो लढाईतून आलेला गडी लहान पोरासारखा रडू लागला. रडता रडता हसला. मग आम्ही सगळेच हसलो. बाभळीखाली बसून मी सगळ्यांचे जबाब घेतले. अंगठ्याचे ठसे पुण्याला पाठवले, ते जुळले. पेन्शन सुरू झाली, पायही मिळाला.

त्यानंतर एका सकाळी तो नव्या पायाने चिखलीहून चालत ठाण्यात आला. टाच आपटून कडक सलाम ठोकला आणि पलटणीतला नंबर व नाव खड्या आवाजात सांगितलं. मागे बायको पेढे घेऊन उभी.

तपास कसा करावा हे मला वरिष्ठांनी शिकवलं होतं. माणसाला कुठे नेऊन विचारलं की तो खरं बोलतो, हे चिखलीने शिकवलं. आणि आणखी एक : सरकारने त्याला पेन्शन दिली, पाय दिला, त्याबद्दल सरकारचे उपकारच. पण मेलेल्या माणसाला पाळण्यात घालून पुन्हा आपलं म्हणणं, हे काम गावालाच जमतं.