उलट्या पायांची सलामी

चहा पाजता, अन् घोट घशाखाली उतरत नाही तं म्हणता, "मास्तर, ते दुसरबीडचं सांगा!" काऊन सांगू? माह्या चाली जिल्हाभर वाजल्या, त्या कोणी इचारत नाही. फजिती बरी आठवते तुम्हाले! बरं, ऐका. मधात हसाल तं उठून जाईन.

चौथीत शाळा सोडली, पण सुलतानपुरात बँड उभा केला तो म्याच. बाकीचे सिनेमाचं वाजवत. मी सोताच्या चाली बसवत होतो. एकदा बुलढाण्यात पोलिसाईचा बँड पाह्यला. त्याईचा मास्तर बँडाकडं तोंड करून काठी हालवत होता. झालं! मीही तसंच करनार. फरक एवढाच, की तो बँड उभा होता अन् माहा वरातीत चालनार. म्हंजे मले उलटं चालनं आलं. तं चाललो! कोणाच्या बापाची भीती?

दुसरबीडच्या पाटलानं पोराच्या लग्नाले बोलावलं. म्या म्हटलं, "नवरदेव मांडवात जाईन तो माह्या नव्या 'विजय सलामी'वर."

"वाजवा," पाटील म्हणे. "जमली तं गावच्या यात्रेचा मान तुमचा."

त्या मानावर पंचक्रोशीतले बँड टपलेले! म्या गड्याईले दम देला, "माही काठी खाली येईपर्यंत जो थांबन, त्याचं नाव कटलं!"

शेख गुलाब, माहा क्लॅरनेटवाला, म्हणे, "मास्तर, आग लगी तो भी?"

"आग लागली तरी!"

निंगालो. पुढं मी उलटा, मंग बँड, मागं घोड्यावर नवरदेव. मारुतीपाशी घोडा डावीकडं वळला. मी सरळ. मले दिसन कसं? मधात हा एवढा मोठा ढोल!

गुलाबनं मागं पाह्यलं अन् डोळे फाडले. मान हालवली. क्लॅरनेट डावीकडं झोकलं. म्या म्हटलं, वाहवा, गडी रंगला! अजून जोरात काठी हालवली.

तेवढ्यात माह्या पाठीवर तांदूळ पडले. आला मांडव! काठी खाली केली, गर्रकन फिरलो, कडक सलाम ठोकला.

आरती घेतलेली मावशी किंचाळली, "अवं माय! हे उलट्या पायाचं काय आलं? नवरदेव कुठी हाय?"

"मागून येऊन राह्यला, मावशी."

बँडाच्या मागं पाह्यलं. शेळी उभी!

"हा पाटलाचा मांडव नाही?"

"नाही बावा. आमची वरात बीबी गावावरून यायची हाय."

पळालो! पोचलो तं लग्न लागलेलं. एका हलगीवर नवरदेव मांडवात गेला होता, अन् लोकं अजून नाचूनच राह्यले होते.

पाटील म्हणे, "मास्तर, यात्रेले तुमच्या जागी घोड्यालेच बोलावतो. त्याले रस्ता मालूम हाय."

म्या गुलाबची गचांडी धरली. "सांगितलं काऊन नाही बे?"

"आग कहाँ लगी थी, मास्तर? सिरफ नवरदेव गया था."

चाल मातर गाजली. आजही लोकं मागून घेतात. पण 'विजय सलामी' कोणी म्हणत नाही. गुलाबनं तिचं बारसं केलं 'नवरदेव हरवला', तेच नाव चिकटलं. परवा माह्या सख्ख्या नातीचं लग्न. वरात दारात, नवरदेवाकडचे याही-याहीन हार घेऊन उभे. म्या ऐटीत काठी उचलली अन् माह्याच तोंडातून निंगालं, "चला रे, नवरदेव हरवला!"

याहीनबाई मटकन खाली बसली. तिची माफी म्या मागितली. माही माफी मागायचा अजून एक जण बाकी हाय: शेख गुलाब, क्लॅरनेटवाला.