घाबरटबाई आणि हिरवा दिवा

आमच्या शाळेतल्या संगणकाच्या बाईंना सगळे मागून ‘घाबरटबाई’ म्हणायचे. मी चित्रकलेचा मास्तर, त्यात सगळ्यांच्या पुढे. खोलीला कुलूप लावून बाई जिना उतरायच्या आणि ते ओढून बघायला पुन्हा वर जायच्या. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय!

प्रत्येक मुलाला घरी न्यायला लॅपटॉप द्यायचं ठरलं आणि योजना आखायचं काम नेमकं बाईंच्या गळ्यात पडलं. त्यांची झोपच उडाली. पोरं ते पाडतील, त्यावर चहा सांडतील, आणि चोरीला गेले तर? म्हणून त्यांनी एक सोय मुद्दाम मागून घेतली. शाळेतून बटण दाबलं की हरवलेल्या लॅपटॉपचा कॅमेरा सुरू होणार आणि चोर आम्हाला इथे बसून दिसणार.

चाचणीचा लॅपटॉप माझ्या मुलीकडे दिला होता. ही सोय दाखवायची बैठक ठरली त्या दिवशी आईला ताप म्हणून ती घरीच होती. आमच्या डोक्यात फक्त चोर. घरी आधी कळवावं, हे कोणालाच सुचलं नाही.

बैठकीत बाईंनी बटण दाबलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर माझं घर उमटलं. मुलगी खांद्यावर टॉवेल टाकून ओले केस विंचरत होती. मागे बायको निजलेली, पांघरूण घसरलेलं.

“वा! काय स्पष्ट दिसतंय!” मुख्याध्यापक म्हणाले. “हे सगळ्या लॅपटॉपना हवंच.”

बाईंनी घाईघाईने ते बंद केलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

“नको, सर. हे काढून टाकू या.”

“आणि चोरी झाली तर? जबाबदारी कोणाची?”

“माझी.” आवाज कापत होता. तरी त्यांनी योजनेतलं ते कलम खोडलं. “गेला तर लॅपटॉप जाईल, सर.”

घर माझं होतं, पण कलम खोडलं बाईंनी.

संध्याकाळी मुलीकडून लॅपटॉप मागून घेतला.

“बाबा, आज त्याच्या कॅमेऱ्याजवळचा हिरवा दिवा आपोआप लागला.”

“मग?” मी विचारलं.

“आधी घाबरले. मग म्हटलं, शाळेचाच तर आहे. भ्यायचं कशाला?”